युराय हेर्त्स: कुठून सुरुवात करायची, काय बघायचं, काय सोडायचं

रीळवेडा

चेकोस्लोव्हाक नवलाटेचा (१९६०च्या दशकातली तिथल्या तरुण दिग्दर्शकांची चळवळ) विषय निघाला की फोरमान, मेन्झेल, खितिलोव्हा ही नावं येतात आणि गाडी तिथेच अडते. युराय हेर्त्सचं नाव निघालंच तर एका चित्रपटापुरतं: 'स्पालोवाच म्रत्वोल', म्हणजे प्रेतं जाळणारा. पण हा माणूस १९६५ ते २०१० चित्रपट करत होता. त्यातले निम्मे तरी बघण्याजोगे आहेत, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. जन्म ४ सप्टेंबर १९३४, केझमारोक, तात्रा पर्वताच्या पायथ्याचं स्लोव्हाक गाव. ज्यू कुटुंब. दहाएक वर्षांचा असताना राव्हेन्सब्रूकच्या छळछावणीत गेला आणि वाचला. पुढे ब्रातिस्लाव्हात छायाचित्रणाचं शिक्षण, मग प्रागच्या 'दामु' या नाट्यशाळेत बाहुलीनाट्य. तिथे त्याच्यासोबत होता यान श्वांकमायर. गंमत म्हणजे दोघांची जन्मतारीख एकच, वर्षासकट. त्यानंतर सेमाफोर नाट्यगृह आणि मग बारांदोव्ह स्टुडिओत सहायक: झ्बिन्येक ब्रिनिखकडे, आणि कादार-क्लोस जोडीकडे 'ओब्खोद ना कोर्झे'वर. हा चित्रपट पुढे परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर घेऊन गेला.

माझं म्हणणं असं की हेर्त्स नवलाटेचा नव्हेच. नवलाटेची बहुतेक मंडळी 'फामु' या चित्रपटशाळेतली, खऱ्याखुऱ्या रस्त्यावर खरीखुरी माणसं टिपणारी. हा आला बाहुल्या आणि फोटोंमधून. त्यामुळे त्याच्याकडे माणूसही वस्तूसारखा दिसतो आणि वस्तू माणसासारखी. भयपट असो, परीकथा असो, नाहीतर रक्त पिणारी मोटार, ही एक गोष्ट सगळीकडे सापडते. असहमत असाल तर लिहा.

ब्रनोकर

चांगला धागा. दोन पुरवण्या.

ह्राबालच्या कथांवरचा 'पेर्लिच्की ना द्न्ये' (तळातले मोती) हा नवलाटेचा जाहीरनामाच मानला जातो. त्यासाठी हेर्त्सनेही एक कथा चित्रित केली होती, 'स्बिएर्ने सुरोवोस्ति' (१९६५), जेमतेम अर्ध्या तासाची. रद्दी गोळा करण्याच्या जागेवर घडते. एकूण लांबी फार होते म्हणून ती आणि इवान पासरची कथा बाहेर काढली आणि दोन्ही स्वतंत्र लघुपट म्हणून दाखवले. म्हणजे नवलाटेच्या दारात तो उभा होता, आत जागा नव्हती इतकंच. 'नव्हेच' हा शब्द जरा जड वाटतो.

दुसरं, पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट 'झ्नामेनी राका' (कर्क रास, १९६६). इस्पितळात खून होतो. वरवर रहस्यपट, खरी मजा डॉक्टरांची आपसातली उणीदुणी बघण्यात. सेन्सॉरची कात्री त्याच्या कारकिर्दीत इथूनच सुरू होते. मधे १९६८ मध्ये 'कुल्हावी द्याबेल' ही संगीतिका आहे, त्यात लंगड्या सैतानाची भूमिका त्याने स्वतःच केली. ती सोडली तरी चालेल.

नंदिनी_ठाणे

त्याला स्लोव्हाक म्हणायचं की चेक? बहुतेक चित्रपट प्रागचे आणि चेक भाषेतले, मग स्लोव्हाक दिग्दर्शकांच्या यादीत का धरतात?

ब्रनोकर

@नंदिनीताई, जन्म, बालपण आणि पहिलं शिक्षण स्लोव्हाकियातलं, कामाची जागा मुख्यतः बारांदोव्ह. त्या काळी देश एकच होता, कादारचंही तसंच. पण दोन कामं खास स्लोव्हाक आहेत. 'स्लाद्के ह्री मिनुलेहो लेता' (१९६९) हा मोपासांच्या कथेवरचा ब्रातिस्लाव्हा टीव्हीसाठीचा रंगीत चित्रपट. नदी, होडी, एक मुलगी आणि तिच्याभोवतीचे तरुण. मोन्ते कार्लोच्या टीव्ही महोत्सवात त्याला मोठं पारितोषिक मिळालं. कॅमेरा दोदो शिमोन्चिचचा. दुसरं म्हणजे अँडरसनवरून केलेलं 'गालोशे श्त्यास्तिया' (१९८६). पहिलं चुकवू नका. 'स्पालोवाच'च्या काळ्या-पांढऱ्या घुसमटीनंतर लगेच हे केलंय यावर विश्वास बसत नाही.

भिंगवाला

'स्पालोवाच'च्या तंत्रावर कोणी लिहीत नाही, सगळे 'काव्यात्म', 'भयावह' म्हणून मोकळे होतात. म्हणून जरा सविस्तर.

कथा लादिस्लाव फुक्सच्या १९६७च्या कादंबरीवरून, पटकथा फुक्स आणि हेर्त्स दोघांची. १९३०च्या दशकाच्या अखेरीचं प्राग. कॉप्फ्रकिंगल हा दाहगृहातला अधिकारी, गोडबोल्या, घरंदाज, न पिणारा. तिबेटवरचं एक पुस्तक वाचून त्याची खात्री पटलेली की जाळणं म्हणजे आत्म्याची सुटका. नाझी आल्यावर ही खात्री त्यांच्या कामाची ठरते. भूमिका रुडॉल्फ ह्रुशीन्स्कीची. प्रेताचे केस विंचरून तोच कंगवा तो स्वतःच्या डोक्यावरून फिरवतो. त्यासाठी आवाज नाही, क्लोजअपचा जोर नाही. टेबलावरचा चष्मा उचलावा तितक्या सहज.

आता मुख्य गोष्ट. या चित्रपटात प्रसंग बदलला हे आपल्याला उशिरा कळतं. कॉप्फ्रकिंगल एका ठिकाणी बोलायला लागतो, चेहरा पडदाभर. वाक्य संपतं, कॅमेरा मागे येतो, आणि आपण भलत्याच खोलीत, भलत्याच माणसांसमोर असतो. कट झालेला असतो, दिसलेला नसतो. संकलन यारोमीर यानाचेकचं, पण हे संकलनाच्या टेबलावर सुचणारं काम नव्हे. शूटिंगच्या आधीच प्रत्येक प्रसंगाचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात जोडीने ठरवावी लागते.

हे करून बघायचं असेल तर असं:

दोन्ही जागी चेहऱ्याचा आकार चौकटीत तंतोतंत सारखा हवा. पहिल्या जागी शेवटचं चित्र घेतलं की त्याची फ्रेम मॉनिटरवर ठेवून दुसऱ्या जागी डोळ्यांची रेषा जुळवा. डोळे चौकटीच्या दोन टक्के जरी खालीवर झाले तरी प्रेक्षकाला उडी जाणवते.

प्रकाशाची बाजू सारखी. डावीकडून येत असेल तर दोन्हीकडे डावीकडून, नाकाची सावली त्याच गालावर पडली पाहिजे. बहुतेक प्रयत्न इथेच फसतात, कारण दुसरी जागा वेगळी म्हणून दिवे 'जागेप्रमाणे' लावले जातात.

भिंग रुंद, चेहरा जवळ. सुपर ३५ किंवा एपीएस-सी सेन्सरवर १६ मिमी भिंग, f/८, चेहरा ४० सेंमीवर. यात साधारण ३२ ते ५३ सेंमी एवढाच पट्टा स्पष्ट राहतो. मागचं थोडं पुसट होतं, म्हणजे खोलीचे बारकावे दिसत नाहीत, आणि नेमकं तेच हवंय. फोकस दीड मीटरवर ठेवलात तर मागची भिंत स्पष्ट होईल आणि गुपित फुटेल. कॅमेरा मागे घेताना मात्र फोकस सोबत ओढणारा माणूस पाहिजे.

वाक्य एकसलग बोलवून आवाज वेगळा रेकॉर्ड करा आणि दोन्ही चित्रांवर तोच चढवा. दोन ठिकाणचे दोन आवाज जोडलेत तर खोलीची घुमार बदलते आणि कान डोळ्याच्या आधी ओळखतो.

आणि कपडे. कॉप्फ्रकिंगल जवळजवळ सतत गडद सूट आणि पांढऱ्या कॉलरमध्ये असतो. हे पात्राला शोभतंच, कटालाही सोयीचं.

रीळवेडा

वाचनखूण साठवली. भिंगवाल्यांना एकच विचारतो: माशाच्या डोळ्यासारखं भिंग आहे ना, ते कधी वापरलंय आणि कधी नाही, यात काही हिशेब दिसतो का?

भिंगवाला

दिसतो, पण कोष्टक मांडण्याइतका नाही. सुरुवातीला प्राणिसंग्रहालयात पिंजरे, जनावरं आणि घरच्यांचे चेहरे यांचे अगदी जवळचे तुकडे भराभर येतात आणि कुटुंब फुगीर आरशात वाकडं दिसतं. म्हणजे विकृती आधी आरशात असते. कॉप्फ्रकिंगलचं डोकं फिरत जातं तशी ती भिंगात येते, आरशाची गरज उरत नाही. शेवटाकडे भिंती आणि दारं वाकतात, तो मात्र मधोमध सरळ. रुंद भिंगात वाकणं कडांना जास्त आणि मध्याला कमी असतं. तो मध्यावर उभा असल्यामुळे जगच वेडं आणि हा शहाणा, असं चित्र आपोआप बनतं. नक्कल करणारे नायकाला कडेला ठेवतात आणि मग त्याचंच नाक लांबतं. विनोदी दिसतं.

आणखी एक: जत्रेतल्या मेणाच्या पुतळ्यांच्या जागी जिवंत नट आहेत. रीळवेडा म्हणतात ते बाहुल्यांचं इथे चपखल बसतं.

पडद्यामागचा

कॅमेरामन स्तानिस्लाव मिलोटाबद्दल लिहिलंच पाहिजे. शूटिंग चालू असताना ऑगस्ट १९६८ मध्ये वॉर्सा कराराच्या फौजा देशात घुसल्या आणि काम थांबलं. चित्रपट मार्च १९६९ मध्ये लागला. त्याच्या दोन महिने आधी यान पालाख या विद्यार्थ्याने त्या आक्रमणाच्या निषेधार्थ प्रागमध्ये स्वतःला जाळून घेतलं होतं, आणि त्याची अंत्ययात्रा मिलोटाने चित्रित केली. नंतर त्याला चित्रपटसृष्टीचं दार बंद झालं. कॉप्फ्रकिंगलच्या बायकोचं काम करणारी व्लास्ता ख्रामोस्तोव्हा पुढे त्याची पत्नी. तिच्यावरही बंदी आली. तिने घराच्या दिवाणखान्यात नाटकं केली, आणि दोघांनी 'चार्टर ७७' या राजवटीविरोधी मानवी हक्कांच्या सनदेवर सह्या केल्या. लक्ष देऊन बघा, कॉप्फ्रकिंगल ज्या वेश्येकडे जातो तीही ख्रामोस्तोव्हाच. वेगळा केशसंभार, वेगळा रंग, बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतं.

चित्रपट ऑस्करसाठी देशातर्फे पाठवला होता, नामांकन मिळालं नाही. १९७२ मध्ये स्पेनच्या सिट्जेस महोत्सवात बक्षिसं मिळाली. मायदेशी तोवर तो कपाटात गेला होता आणि १९८९ नंतरच बाहेर आला. एक उपसंहारही चित्रित केला होता, त्यात सोव्हिएत रणगाडे होते. तो काढला गेला आणि आता उपलब्ध नाही. त्यामुळे 'मूळ शेवट असलेली प्रत' म्हणून कोणी काही विकत असेल तर घेऊ नका.

नंदिनी_ठाणे

धावण्याचा वेळ कुठे ९५-९६ मिनिटं, कुठे १००. कापाकापी आहे का?

सबटायटलवाली

नाही, वेगाचा फरक आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा. जुन्या युरोपी पाल (तिथली टीव्हीची पद्धत) डीव्हीडी तो २५ ने चालवतात, म्हणजे साधारण ४ टक्के जास्त वेगाने. १०० मिनिटांची ९६ होतात आणि आवाजाची पट्टी साधारण ०.७ अर्धस्वराने चढते. म्हणजे सा वर कोमल रे पूर्ण लागत नाही, पण सा ही राहत नाही. झ्देन्येक लिश्काच्या त्या वॉल्टझसारख्या सुरावटीवर बायकांचा कोरस आहे. तो पालमध्ये जरा चिरका वाटतो. ब्लू-रे २४ ने चालते, शक्य असेल तर तीच घ्या. क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने २०२० मध्ये काढली आहे.

उपशीर्षकं स्वतः जोडणाऱ्यांसाठी: पालच्या प्रतीसाठी बनवलेली फाइल ब्लू-रेवर लावली की सुरुवातीला जुळते आणि हळूहळू पुढे पळते. शेवटापर्यंत चार मिनिटांची तफावत. ती 'विलंब' वाढवून सुटत नाही, कारण फरक वाढत जाणारा आहे. वेळा १.०४१७ ने गुणायच्या, किंवा सबटायटल एडिटमध्ये २५ वरून २४ असा चौकटींचा वेग बदलायचा. व्हिडिओ २३.९७६ चा असेल तर २४ च्या जागी तो आकडा द्या. आधी वेग, मग विलंब. उलट केलंत तर दुरुस्त केलेला विलंबही ताणला जातो.

आणि भिंगवाल्यांच्या मुद्द्याला धरून: उपशीर्षकांचा नेहमीचा नियम असा की ओळ कटावरून पुढे ओढू नये. या चित्रपटात तो पाळला तर ओळ कटाच्या क्षणी लुकलुकते आणि लपवलेला कट उघडा पडतो. इथे वाक्य चालू असेल तर ओळ खुशाल कटावरून जाऊ द्यावी. काही जुन्या फायलींत यंत्राने सगळ्या ओळी कटाला चिकटवलेल्या असतात, त्या वापरू नका.

अनाहूत_पाहुणा

सगळा धागा एका चित्रपटावरच चाललाय, आणि तक्रार तर तीच होती ना! :)

माझ्या मते त्याचा सर्वोत्तम चित्रपट 'पेत्रोलेयोव्हे लाम्पी' (रॉकेलचे दिवे, १९७१). यारोस्लाव हावलीचेकच्या कादंबरीवरून. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचं लहान गाव. लग्नाचं वय उलटलेली, मोठ्याने हसणारी, गावाला पचत नसलेली श्तेप्का चुलतभावाशी लग्न करते. तो लष्करातून परतलेला, कर्जबाजारी आणि उपदंशाने पोखरलेला. इवा यान्झुरोव्हा आणि पेत्र चेपेक. १९७२ मध्ये कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत होता.

इथे एकही युक्ती अंगावर येत नाही. चेपेकच्या आजाराची पायरी न पायरी शरीरातून दिसते. आधी हात, मग जीभ, मग चाल. रोग शेवटच्या वीस मिनिटांत एकदम 'येत' नाही. भूताखेताशिवाय भयपट करता येतो, तो असा.

रीळवेडा

मान्य, सर्वोत्तम नसला तरी सर्वांत संयमित. पण लगेच नंतरचा 'मॉर्गियाना' (१९७२) बघा. अलेक्सांद्र ग्रिनच्या कथेवरून. दोन बहिणी, एक दुसरीला सावकाश भिनणारं विष देते. दोन्ही यान्झुरोव्हाच. मूळ बेत असा होता की दोघी म्हणजे एकाच बाईची दुभंगलेली मनं. स्टुडिओच्या वरिष्ठांना ते पटलं नाही, म्हणून सरळसोट विषप्रयोग उरला. कथेत पोकळी राहिली आहे ती त्यामुळे. ती पोकळी यारोस्लाव कुचेराच्या रंगांनी, लुबोश फिशरच्या संगीताने आणि टोप्यांनी भरली आहे. टोप्या म्हणजे खरोखर टोप्या, पंखे, शिंपले, झालरी. मॉर्गियाना हे मांजरीचं नाव. काही दृश्यं जमिनीलगत पळणाऱ्या रुंद भिंगातून, तिच्या नजरेने आहेत.

कथा शोधत बघितलात तर कंटाळाल. यानंतर थेट १९७५ पर्यंत त्याचा चित्रपट नाही, हेही लक्षात घ्या.

अनाहूत_पाहुणा

'पोकळी वरिष्ठांमुळे' हे जरा सोयीचं झालं. सजावटीची हौस त्याची स्वतःची होती आणि ती पुढेही अधूनमधून नडते.

पडद्यामागचा

परीकथांकडे वळण का, याचं उत्तर त्या काळात आहे. १९७०च्या दशकात 'सामान्यीकरणा'च्या (१९६८च्या आक्रमणानंतर पुन्हा आवळलेली सरकारी पकड) नावाखाली समकालीन विषयावर दहा डोळे रोखलेले असत, परीकथेवर दोन. 'पाना अ नेत्वोर' (कुमारी आणि राक्षस, १९७८) आणि 'देव्हाते सर्दत्से' (नववं हृदय) हे पाठोपाठ केले, काही सेट दोन्हीत वापरून.

पहिल्यात राक्षसाला सिंहाचं तोंड नाही, पक्ष्याचं डोकं आहे. आत नट नाही, व्लास्तिमिल हारापेस हा बॅले नर्तक. कारण सरळ आहे: मुखवट्यात चेहरा मेला, मग खांदे, मान आणि चालच बोलणार. बाहुलीवाल्याचा निर्णय. प्रेम वाढतं तसे आधी त्याचे पंजे माणसाचे हात होतात, चेहरा शेवटपर्यंत तसाच. लहान मुलांसोबत बघणार असाल तर पहिली दहा मिनिटं आधी स्वतः बघा, सुरुवात चांगलीच रक्ताळ आणि काळोखी आहे.

मोटारसायकल_मामा

आणि गाडी विसरलात! 'उपीर झ फेरातु' (१९८१). पेट्रोलऐवजी चालकाचं रक्त पिणारी शर्यतीची मोटार. अॅक्सिलरेटरवर पाय ठेवला की तळव्यातून शोषते. योसेफ नेस्वाद्बाच्या कथेवरून. मुख्य भूमिकेत डॉक्टर म्हणून चक्क यिरी मेन्झेल, तोच 'क्लोजली वॉच्ड ट्रेन्स'वाला दिग्दर्शक ('स्पालोवाच'मध्येही तो एका छोट्या भूमिकेत आहे).

गाडी खरी. श्कोडाचा ११० सुपर स्पोर्ट हा नमुना, १९७२ मध्ये ब्रसेल्सच्या प्रदर्शनात ठेवलेला, एकच नग. दारं नाहीत, छतासकट पुढचा सगळा डबा पुढे उघडतो. इंजिन मागे. उत्पादनात गेली नाहीच. चित्रपटासाठी तेओडोर पिश्त्येकने तिचं रूप बदललं: पांढऱ्याची काळी केली, लाल पट्टे दिले, मागे पंख. हा पिश्त्येक पुढे 'अमाडेउस'च्या वेशभूषेसाठी ऑस्कर घेऊन आला.

चित्रपट म्हणून मात्र अर्धाकच्चा. मेन्झेलला भास होतो आणि गाडीच्या आत यंत्राऐवजी मांस दिसतं, तो प्रसंग एक नंबर. बाकी हेरगिरी आणि कंपनीची कारस्थानं यांत वेळ जातो. गाडी पडद्यावर जितका वेळ नाही तितका वेळ तिच्याबद्दल बोलतात.

ब्रनोकर

पुढचं थोडक्यात. 'स्त्राका व ह्र्स्ती' (१९८३) मध्ययुगीन रूपक. तेव्हा बंदी असलेल्या रॉक बँडचं संगीत, त्यामुळे चित्रपटही बंद, थेट राजवट पडल्यावर दिसला. 'झास्तिह्ला म्ने नोत्स' (१९८५) हा कम्युनिस्ट पत्रकार योझ्का याबुर्कोव्हावर, राव्हेन्सब्रूकमध्ये घडतो. विषय सरकारमान्य, पण छावणीचे प्रसंग सरकारी वाटत नाहीत. तिथे राहून आलेल्या माणसाने ते केलेत. न्हाणीघराचा प्रसंग त्यासाठी बघाच.

१९८७ मध्ये तो पश्चिम जर्मनीला गेला. तिथे टीव्हीसाठी परीकथा, पुढे ब्रुनो क्रेमेरच्या मेग्रे या फ्रेंच पोलीस-तपास मालिकेचे काही भाग. परतल्यावर 'पासाझ' (१९९७), 'टी.एम.ए.' (२००९, सोडा), आणि शेवटी 'हाबर्मानुव्ह म्लीन' (२०१०), सुडेटनलँडमधल्या (चेक सीमेवरचा जर्मनबहुल भाग) जर्मन गिरणीमालकाची आणि १९४५ नंतर चेक लोकांनी जर्मनांना हाकलून लावलं त्याची गोष्ट. चेक प्रेक्षकांत त्यावर बरीच खडाजंगी झाली. ८ एप्रिल २०१८ ला प्रागमध्ये वारला.

नंदिनी_ठाणे

मग नवख्याने क्रम काय धरायचा?

रीळवेडा

'स्पालोवाच', मग 'लाम्पी', मग 'पाना अ नेत्वोर', मग 'मॉर्गियाना'. गाडीची हौस असेल तर 'फेरातु'.

अनाहूत_पाहुणा

'लाम्पी' आधी, 'स्पालोवाच' नंतर. उलटं केलं की पुढच्या प्रत्येक चित्रपटात लोक तिरपं भिंग शोधत बसतात. आणि 'झास्तिह्ला' 'मॉर्गियाना'च्या आधी.

सबटायटलवाली

'लाम्पी'ची एक प्रत फिरते आहे, तिच्यात उपशीर्षकांच्या फाइलमधली चेक अक्षरं चौकोन दिसतात. फाइल नोटपॅड++ मध्ये उघडून विंडोज-१२५० म्हणून वाचा आणि यूटीएफ-८ मध्ये जतन करा.